आधी पाय, मग चेंडू

चाळिशी ओलांडल्यावर मी बास्केटबॉल शिकले, आणि तेही पुस्तकातून. हौस म्हणून नव्हे. आमच्या शाळेतले पी.टी.चे सर निवृत्त झाले, त्यांची जागा भरायचं लांबत गेलं आणि एका मीटिंगमध्ये मोठ्या बाईंनी विचारलं, "कॉलेजात खो-खो कोण खेळलं होतं?" मी खरं सांगून बसले. मी भूगोल शिकवते. पण शाळेच्या मैदानाच्या कडेला बास्केटबॉलचे दोन खांब उभे आहेत, शालेय स्पर्धांत 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या मुलींचे गट असतात, आणि यंदा 14 खालच्या गटात संघ उतरवायचा असं ठरलेलं होतं. ठरवणारे निवृत्त झाले होते.

क्रीडासाहित्याच्या खोलीत लेझमांच्या पेटीमागं ते पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ गेलेलं, पहिली काही पानंही गेलेली, त्यामुळं नाव-गाव काही कळायला मार्ग नाही. नवशिक्यांसाठी लिहिलेलं, जागोजाग रेघांची चित्रं, चित्रांत बाणांनी दाखवलेले हातपाय. एक गोष्ट मात्र लगेच डोळ्यात भरली. शूटिंगच्या प्रकरणाची पानं बोटं लागून लागून काळवंडली होती आणि अगदी सुरुवातीची दोन प्रकरणं कोरी करकरीत होती. ती दोन प्रकरणं होती उभं कसं राहायचं आणि थांबायचं कसं याची.

मीही आधी काळी पानंच उघडली असती. पण वर्गात नकाशा शिकवताना दिशा आणि प्रमाण सोडून थेट नद्यांवर उडी मारली की काय होतं ते इतकी वर्षं बघतेय. म्हणून पहिल्या प्रकरणापासून सुरुवात केली.

पहिलं चित्र पवित्र्याचं. पाय खांद्याइतके फाकलेले, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर, पाठ सरळ, डोकं वर, हात छातीसमोर उघडे. वाचायला सोपं. रात्री जेवणं झाल्यावर मी घरातल्या आरशासमोर उभी राहून बघत होते, तेवढ्यात आबा पाणी प्यायला आले. आबा म्हणजे माझे चुलतसासरे. तरुणपणी तालमीत घडलेले, आता ऐंशीच्या घरात, खासबागेत कुस्त्या असल्या की अजून रिक्षा करून जातात.

"सूनबाई, ह्ये काय चाललंय?"

"पवित्रा, आबा. बास्केटबॉलचा."

त्यांनी पुस्तकातलं चित्र बघितलं, मग मला बघितलं. "चित्रातलं पोरगं बरोबर हाय. तू न्हाईस. तुझा समदा भार टाचंवर. आत्ता पट काढला तर पाठीवर पडशील." आणि माझ्या खांद्याला त्यांनी दोन बोटांनी नुसता धक्का दिला. मी खरोखरच कपाटाला जाऊन लागले. "कंबर वाकवायची न्हाई, गुडघं वाकवायचं. बूड खाली, छाती वर. टाचंखाली कागद सरकला पायजे."

टाचेखालचा कागद पुस्तकात कुठंच नाही. दुसऱ्या दिवशी मी मैदानावर मुलींना ओळीनं उभं केलं आणि जुन्या प्रश्नपत्रिका त्यांच्या टाचांखालून सरकवत फिरले. जिचा कागद अडकला तिचा भार मागं. एवढ्या एका युक्तीनं अर्ध्या मुलींचा पवित्रा त्याच दिवशी सुधारला. हाच पवित्रा बचावाला लागतो, पास घ्यायला लागतो, शूट करतानाही इथूनच उठायचं असतं. पुस्तकानं तो पहिल्याच प्रकरणात का घातला ते तेव्हा पटलं.

दुसरं कोरं प्रकरण थांबण्याचं. इथं माझं खो-खो आडवं आलं. खो-खोत खो मिळाला की सुटायचं. एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागं वळता येत नाही आणि पाय थांबला की समोरची निसटली. बास्केटबॉलमध्ये चेंडू हातात आला की पाय आवरायचे. थांबायचे दोन प्रकार पुस्तकात दिलेत. दोन्ही पाय एकदम टेकवून थांबायचं, म्हणजे नंतर कुठलाही एक पाय रोवून वळता येतं. किंवा एकामागून एक पाय टेकवायचे, मग जो आधी टेकला तोच रोवलेला. त्या रोवलेल्या पायाला पिव्हट म्हणतात. तो जागचा हलवायचा नाही, चवड्यावर फक्त फिरायचं, दुसरा पाय हवा तितक्या वेळा हवा तिकडं टाकायचा. पिव्हट पाय उचलून पास किंवा शॉट मारता येतो, पण चेंडू हातातून सुटायच्या आत तो परत जमिनीला लागला की ट्रॅव्हलिंग, म्हणजे पावलांची चूक. आणि ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढं जाणं, सुरू करायचं असेल तर पिव्हट पाय उचलायच्या आत चेंडू हातातून सुटलेला हवा. हे शेवटचं कलम मी तीनदा वाचलं, मग स्वयंपाकघरात हातात कोबीचा गड्डा घेऊन करून बघितलं, तेव्हा कुठं डोक्यात शिरलं.

मुलींची अडचण वेगळी होती. कोल्हापूरची पोरं चेंडू दिसला की आधी पाय उचलतात. घराघरात भाऊ, काका, शेजारी कुठल्या ना कुठल्या तालमीच्या फुटबॉल संघामागं. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना असला की वर्गात दुसऱ्या दिवशी पेठांनुसार बाकं वाटली जातात. पहिल्याच दिवशी मी चेंडू जमिनीवर ठेवला आणि मंगळवार पेठेतल्या एका पोरीनं तो सणसणीत लाथेनं ऑफिसच्या खिडकीवर घातला. काच वाचली. बास्केटबॉलमध्ये मुद्दाम लाथ मारली की चेंडू समोरच्यांना द्यावा लागतो, हा नियम त्यामुळं सगळ्यांच्या आधी पाठ झाला.

मग रिंग. आमची एक रिंग पोरं लोंबकळून लोंबकळून वाकली होती. एका मुलीच्या वडिलांचा शिवाजी उद्यमनगरात वर्कशॉप आहे. ते म्हणाले, मापं द्या, करून देतो. पुस्तकात मागं सगळी मापं होती. मी लिहून दिलं, रिंग 45 सेंटिमीटर. अर्ध्या तासात फोन. "मॅडम, 45 आतनं का भाइरनं? आणि सळई किती जाडीची?" शाळेत आजवर कुणाला पडला नसेल असा प्रश्न. पुन्हा पुस्तक. 45 आतून. सळई 16 ते 20 मिलिमीटर. त्यांनी 18ची घेतली, वाकवली, वेल्ड केली, जाळीसाठी खाली आकडे लावले आणि वर नारिंगी रंग मारून दिला. पैसे घेतले नाहीत. म्हणाले, "पोरगी खेळतीया, बास."

ती बसवताना आम्ही टेप लावला. रिंग जमिनीपासून 3.05 मीटर, म्हणजे दहा फूट हवी. आमची चार बोटं कमी भरली. खांब बरोबर होते, जमीन वर आली होती. दर पावसाळ्यानंतर मैदानावर मुरूम टाकून टाकून. दुसऱ्या टोकाला रिंगखाली कोबा आहे, तिथं माप चोख आलं. तेव्हापासून शॉटचा सराव कोब्याच्या बाजूला आणि बाकी सगळं मुरमाच्या बाजूला.

दहा फूटच का, हे मुलींनी विचारलंच. 1891च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकावर माझ्यासारखीच वेळ आली होती. थंडीत बाहेर खेळता येईना, वर्गातली दांडगी पोरं ऐकेनात, आणि चार भिंतींच्या आत हातपाय मोडणार नाहीत असा खेळ हवा होता. त्यानं पीच फळांच्या दोन टोपल्या व्यायामशाळेच्या सज्जाच्या कठड्याला ठोकल्या. कठडा दहा फुटांवर होता. पहिला चेंडू फुटबॉलचा. तेरा नियम लिहिले आणि त्यांतला एक असा, की चेंडू घेऊन पळायचं नाही. जिथं पकडला तिथूनच टाकायचा. पळणारा नसला की त्याला पाडायचं कारण उरत नाही. ड्रिबल त्या तेरा नियमांत नव्हतंच, ते खेळाडूंनी मागाहून शोधून काढलं.

दुसऱ्याच वर्षी, 1892 साली, स्मिथ कॉलेजातल्या सेंडा बेरेन्सन यांनी हा खेळ मुलींना शिकवायला घेतला. 1893च्या त्यांच्या सामन्याला पुरुषांना आत सोडलं नव्हतं. हे ऐकून आमच्या पोरींनी कंपाउंडच्या भिंतीवर बसलेल्या नववीच्या मुलांकडं असं बघितलं की ती आपणहून उतरली.

पुस्तकाचा क्रम असा: पवित्रा, पाय, ड्रिबल, पास, ले-अप (पळत रिंगजवळ जाऊन उडीत टाकायचा चेंडू), शॉट, बचाव. मी इमानदारीत ड्रिबलला आले आणि कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला. मैदान गेलं. उरला वर्गांबाहेरचा शहाबादी फरशीचा व्हरांडा. तिथं बारा पोरींनी चेंडू आपटायला सुरुवात केल्यावर दहा मिनिटांत आठवी-ब मधून गणिताच्या बाई खडू हातात घेऊनच बाहेर आल्या. त्यांचं बरोबर होतं. ड्रिबल बंद. आवाज न करता करता येण्यासारखं काय ते शोधायला मी पुस्तक पुढं उलटलं, तर पास.

पाऊस उघडेपर्यंत आम्ही व्हरांड्यात फक्त वळणं आणि पास केले. छातीजवळून टाकायचा पास: दोन्ही हात चेंडूच्या बाजूंना, अंगठे मागं, कोपरं अंगालगत, एक पाऊल पुढं टाकत हात सरळ सोडायचे. चेंडू सुटल्यावर अंगठे जमिनीकडं आणि तळवे बाहेर वळलेले दिसले म्हणजे मनगट चाललं. तळवे एकमेकांसमोर राहिले तर चेंडू नुसता ढकलला गेला, समोरचीच्या हातात तो मेल्यासारखा पडतो. टप्प्याचा पास अंतराच्या साधारण दोन तृतीयांशावर, म्हणजे घेणारीच्या जवळ आपटवायचा, की तो तिच्या कमरेला येतो. तो एकेकटा आपटायला आठवी-ब ची हरकत नव्हती.

सगळ्यांत अवघड गेलं ते घेणं. आमच्या पोरी चेंडू अंगावर आला की डोळे मिटून तोंड फिरवायच्या. पुस्तक म्हणतं, चेंडूकडं जा, बोटं फाकवा, हातात येईपर्यंत बघत राहा. म्हणायला सोपं. मी चेंडूवर खडूनं आकडा लिहायला लागले. पकडणारीनं पकडताना आकडा ओरडायचा. आकडा वाचायचा तर डोळे उघडे ठेवावेच लागतात. हे माझं स्वतःचं, पुस्तकातलं नव्हे, आणि ते मी जरा मिरवतेच.

पाऊस उघडल्यावर ड्रिबल घेतलं. तळव्यानं थापटायचं नाही, बोटांच्या पेरांनी ढकलायचं. चेंडू कमरेच्या खाली. दुसरा हात आडवा धरून आड करायचा. नजर चेंडूवर नव्हे, समोर. मी समोर उभी राहून बोटं दाखवायची, त्यांनी ड्रिबल करत किती ते सांगायचं. मुरमावर चेंडू वेडावाकडा उडतो, पण त्यानं हात तयार होतो असं माझं मत झालंय. कोब्यावर आल्यावर पोरींना ते फुकट वाटतं. चेंडू मात्र रबरीच घ्यावा. चांगल्या कातडी चेंडूचं मुरूम महिन्याभरात सालटं काढतो. आणि हवा भरताना पिन ओली करून घालायची, नाहीतर आतला व्हॉल्व्ह फाटतो. हे मला सायकलच्या दुकानदारानं सांगितलं. आकार 6 नंबरचा, मुलींसाठी तोच असतो. मुलांचा 7 नंबरचा थोरला चेंडू लहान हातात बसत नाही आणि मग शॉट खांद्यातून फेकायची सवय लागते.

शॉटवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण तिथं पुस्तक कमी पडलं. ते सांगतं: पाय नीट, कोपर रिंगकडं, चेंडू बोटांवर, डावा हात नुसता आधाराला, जोर गुडघ्यातून, आणि शेवटी मनगट असं मोडायचं की हात वरच राहील. चेंडू उंच कमानीत टाका, असंही म्हणतं. पण का ते सांगत नाही, आणि कारण कळल्याशिवाय आमच्या पोरी काही करत नाहीत. "बाई, मी सरळ मारतो की, जवळ पडतंय," असं एकीनं तोंडावर सांगितलं.

इथं गणिताच्या त्याच बाई कामाला आल्या. त्यांनी जुनी वाकलेली रिंग हातात धरली आणि पोरींना विचारलं, वरून बघितलं तर काय दिसतं? गोल. तिरकं बघितलं तर? चपटा लंबगोल. चेंडूलाही तसंच दिसतं, म्हणाल्या. मग फळ्यावर आकडे. सरळ वरून पडणाऱ्या चेंडूला 45 सेंटिमीटरचं तोंड मिळतं. 45 अंशांत आला तर सुमारे 32. आणि 30 अंशांत, सपाट आला, तर साडेबावीस. 6 नंबरच्या चेंडूचा व्यास साधारण 23. "म्हणजे जायचाच नाही?" "रिंगला न घासता जायचा नाही." सरळ मारणारी पोरगी बराच वेळ फळ्याकडं बघत होती. त्या संध्याकाळी तिचा पहिला चेंडू बोर्डाच्याही वरून गेला.

ले-अपला मात्र आम्ही नाचासारखं पाठ केलं. उजव्या हाताचा असेल तर उजवा पाय, डावा पाय, डाव्यावरून उडी, उजवा गुडघा वर. चेंडू रिंगमध्ये टाकायचा नाहीच. बोर्डावर जो चौकोन रंगवलेला असतो त्याच्या आपल्या बाजूच्या वरच्या कोपऱ्याला लावायचा, तो आपसूक आत पडतो. आधी चेंडूशिवाय, मग चेंडू हातात धरून चालत, मग एका ड्रिबलवरून. भिंतीवरची मुलं हसायची. हसू दे.

बचावाला आबांना बोलावलं. खुर्ची टाकून बसले आणि पोरींना आडवं सरकायला लावलं: पाय एकमेकांना लागू द्यायचे नाहीत, डोकं एका उंचीवर. "मान वरखाली झाली की समजायचं गडी दमला." रिबाउंडच्या वेळी, म्हणजे हुकलेला चेंडू रिंगवरून परत येतो तेव्हा, समोरचीला पाठीवर घेऊन अडवायचं असतं, तर आबांनी पाठीनं तिचा भार कसा ओळखायचा ते दाखवलं. आणि त्याच भरात हात मागं नेऊन तिचं मनगट धरायलाही दाखवलं. "आबा, हा फाऊल आहे." "धरायचं न्हाई?" "नाही." "मग कसली झटापट!" पण पोरींना ते इतकं आवडलं की हात वर ठेवायची सवय लावायला मला नंतर आठवडे गेले.

दुसऱ्या एका शाळेशी मैत्रीपूर्ण सामना ठेवला तेव्हा पुस्तकाचं वय कळलं. त्यात रिंगखालचा पट्टा खाली पसरत गेलेला, समलंब चौकोनी काढलेला होता आणि तसाच मी फक्कीनं आखला होता. पाहुण्या सरांनी बघितलं आणि हसले. तो आकार 2010 साली बदलून आयताकृती झाला. त्याच वर्षी तीन गुणांची रेघ 6.25वरून 6.75 मीटरवर गेली. माझ्या पुस्तकात वीस-वीस मिनिटांचे दोन भाग आणि चेंडू मिळाल्यावर शॉट मारायला 30 सेकंद होते. 2000 सालापासून दहा-दहा मिनिटांचे चार भाग आणि 24 सेकंद. ट्रॅव्हलिंगचाही बारकावा पुढं बदललाय: पळता पळता चेंडू हातात आला त्या क्षणी टेकलेला पाय आता मुभा असलेल्या दोन पावलांत धरत नाहीत. पाहुण्या सरांनी हे सगळं माझ्या वहीत लिहून दिलं. पवित्रा, वळण, पास, मनगट यांतलं काही त्यांनी खोडलं नाही.

सामना हरलो. पण त्यांच्या संघात चेंडू मिळाला की प्रत्येक पोरगी खाली मान घालून ड्रिबल करत एकटी गर्दीत घुसायची. आमच्या पोरींची मान आधी वर जायची, कुणाला द्यायचा ते बघायला. मी काही थोर विचार करून ते शिकवलं नव्हतं, आठवी-ब च्या शांततेसाठी शिकवलं होतं. पण आता पाचवीतून नव्या मुली आल्यात त्यांनाही मी ड्रिबल मागाहूनच देते. पुस्तकाचा क्रम काही म्हणो. मूळ खेळ पासवरच चालायचा. ज्या पोरीला आधी ड्रिबल येतं तिच्याकडून नंतर पास काढून घेणं फार जड जातं, हे मी त्या पाहुण्या सरांनाही सांगितलं. त्यांना पटलं नाही. त्यांचं म्हणणं, लहान वयात चेंडूशी मैत्री ड्रिबलनंच होते. आमचा वाद अजून चालू आहे, पुढच्या सामन्यात बघू म्हणालेत.

तोवर डाव्या हाताच्या ले-अपचं काम आहे. एकीलाही येत नाही, मलाही नाही. पुस्तकात त्यासाठी एकच ओळ आहे: उजव्यासारखंच, फक्त उलट.